दोन सुग्या कमी

त्या बुधवारी सकाळी ओलेटानं बांधावर उभं राहून गव्हाची एक ओंबी खुडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दोन दाणे दाढेखाली धरले. दाणा फुटला नाही, चेपला.

"अजून आठ दिवस," ती म्हणाली आणि थुंकली.

डेल्मर हार्वेस्टरच्या पोटाखाली उताणा पडून ग्रीस भरत होता. तिथूनच म्हणाला, "गोदामातलं दाणे तपासायचं यंत्र बिघडलं की तुलाच नेऊन बसवतो. डोक्यावरचे केस गेले तरी दाढा शाबूत आहेत तुझ्या."

"तुझे केस आजार नसताना गेले, ते आधी बघ."

ट्विला पिकअपच्या दारात बसून कॉफी पीत होती. मामा-आईचं हे रोजचंच होतं. दक्षिणेकडे छावणीत तोफांचा सराव सुरू झाला होता. धडधड जमिनीतून यायची आणि पिकअपची काच बारीक थरथरायची. गायींनी मान वर केली नाही. त्या तोफांच्या आवाजातच जन्मल्या होत्या.

परत येताना ओलेटानं कुरणाचं तारेचं फाटक लावलं. तारेचा फास खुंटावर चढवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. केमोनं तिच्या बोटांची टोकं बधिर केली होती. बशी गरम आहे का गार, हे ती हल्ली मनगट लावून बघायची. पिकअपमध्ये बसली तेव्हा तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि ते सीटवर लागलं होतं.

"आई, अंगठा."

ओलेटानं दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो अंगठा बघितला. "हात्तिच्या," म्हणाली, आणि विजारीला पुसला.

दुपारी तिनं भेंडी तळली, मक्याचा पाव भाजला. ट्विला दोन वर्षांपूर्वी, आईच्या पोटातल्या गाठीचं कळलं तेव्हा, गावातली खोली सोडून घरी राहायला आली होती. गावच्या ग्रंथालयातली नोकरी तेवढी ठेवली होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती. जेवण झाल्यावर दोघींनी कोंबड्यांचं खुराडं धुतलं. ओलेटा मधूनच बादली पालथी घालून बसायची, दम घ्यायची, पुन्हा उठायची. रक्ताचे आकडे मागच्या महिन्यात बरे आले होते. डॉक्टर हसला होता. त्या बुधवारी संध्याकाळपर्यंत विशेष असं काहीच घडलं नाही, म्हणून ट्विलाला तो दिवस पुढे फार वेळा आठवायचा.

पाच वाजता शेरीफच्या कचेरीची गाडी अंगणात आली. लॉनी बोटराइट उतरला. तो शाळेत ओलेटाच्या वर्गात होता. त्यानं हॅट काढून पोटाशी धरली.

"ओलेटा, मला हे द्यावंच लागतं गं. माझा काही इलाज नाही."

"काय आहे?"

"रॉयसनं अर्ज टाकलाय. काडीमोडाचा."

ओलेटानं हात पुसून लिफाफा घेतला. "चहा घेतोस?"

"ड्यूटीवर आहे."

"मग उभ्यानं घे."

लॉनीनं बर्फाचा चहा उभ्यानं घेतला, ग्लास जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि गेला. ओलेटानं तेव्हा लिफाफा फोडला नाही. खिडकीत टेकवून ठेवला आणि कोंबड्या कोंडायला गेली.

ट्विलाचा बाप रॉयस ग्रेडी घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली होती. लष्करात बावीस वर्षं काढून, सार्जंट म्हणून निवृत्त होऊन तो छावणीतच चांदमारीच्या मैदानावर देखभालीच्या कामाला लागला होता. छावणीच्या फाटकाबाहेरच्या गावात जोनेल नावाच्या बाईबरोबर राहत होता. इतकी वर्षं त्याला काडीमोडाची गरज वाटली नव्हती. आता जोनेलला लग्न हवं होतं. ओलेटालाही तो नकोच होता. अडचण एकच होती. तिच्या औषधाचा, सलाइनचा, शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा सगळा खर्च लष्कराच्या विम्यातून चालत होता, आणि तो विमा ती रॉयसची बायको होती म्हणून होता. गाठीचं नाव ऐकून बाहेरची कुठलीच विमा कंपनी तिला दारात उभं करत नव्हती.

सोमवारी ट्विला आईला घेऊन छावणीतल्या कायदा सल्ल्याच्या कचेरीत गेली. तिथली बाई चांगली होती. तिनं खुर्ची दिली, आणि कागद बघण्याआधीच विचारलं, "साहेबांच्या ओळख-नंबरचे शेवटचे चार आकडे?"

ओलेटानं सांगितले. तिला स्वतःचा नंबर पटकन आठवायचा नाही, पण रॉयसचा झोपेतही सांगता आला असता. पंचवीस वर्षं औषधाच्या खिडकीवर, दातांच्या डॉक्टरकडे, बाळंतपणात तिनं तोच सांगितला होता. लष्कराच्या ओळखकार्डावर तिच्या फोटोखाली 'आश्रित' असं लिहिलेलं होतं.

"तीन विसांचा नियम आहे," बाई म्हणाली. "नोकरीला वीस वर्षं. लग्नाला वीस वर्षं. आणि दोन्ही बरोबर चाललेली वीस वर्षं. तिन्ही विसा भरल्या तर काडीमोडानंतरही विमा जन्मभर तुमचाच. दुसरं लग्न नाही केलं तर."

"करते आता," ओलेटा म्हणाली.

बाई हसली नाही. तिनं पेन्सिलीनं कागदावर तारखा मांडल्या. "नोकरी अठ्ठ्याहत्तर ते दोन हजार. बावीस. ती भरली. लग्न ब्याऐंशीचं, जुलै. तेही भरलं. पण बरोबरची..." तिनं पेन्सिल थांबवली. "अठरा. अठराच भरतात."

"दोन कमी," ओलेटा म्हणाली.

"दोन कमी. अठरा असली तर काडीमोडाच्या दिवसापासून एक वर्ष विमा मिळतो. मग बंद. पुढे विकत घेता येतो काही दिवस, पण तो हप्ता तुम्हाला... मी आकडा लिहून देते."

आकडा बघून ओलेटानं कागद उलटा ठेवला.

"आणि काडीमोड झालाच नाही तर?" ट्विलानं विचारलं.

"बायको आहेत तोवर विमा आहे. त्याला वर्षाची अट नाही."

पिकअपमध्ये बसल्यावर ओलेटानं तो कागद घडी करून खिशात घातला. मग एकदम हसायला लागली. पोटावर हात दाबून, दुखत होतं तरी.

"काय झालं?"

"ऐंशीच्या जूनमध्ये मागणी घातली होती त्यानं मला. गोदामाच्या रांगेत, गव्हाच्या ट्रकमध्ये. त्याच आठवड्यात तुझा आजोबा कोठीच्या शिडीवरून पडला आणि खुब्यातून मोडला. डेल्मर तेरा वर्षांचा. हार्वेस्टर कोण चालवणार? मी म्हटलं, रॉयस, दोन सुग्या थांब. थांबला बिचारा. तेव्हा बरा होता." तिनं डोळे पुसले. "दोन सुग्या, ट्विला. बरोबर दोन."

ट्विलानं गाडी सुरू केली.

"वर्ष पुष्कळ झालं गं," ओलेटा म्हणाली. "सही करून टाकते. लग्नाआधी टॅकेट म्हणून जगले बावीस वर्षं, टॅकेट म्हणून मरू दे."

"मरायचं कोण बोलतंय? डॉक्टर नवीन औषध सुरू करणार आहे शरदात. ते दोन-दोन वर्षं चालतं. वर्षानं विमा तुटला तर ते मध्येच बंद पडेल."

"चाललं तर ना?"

"आई, सही नाही करायची. तारखा मागायच्या. आजारी बाईला तारीख देतात."

"आणि तोवर मी त्याची बायको."

"कागदावर."

"कागदावरचंच तर बोलतेय मी," ओलेटा म्हणाली. पण तिनं सही केली नाही. लेकीनं कधी फार काही मागितलं नव्हतं तिच्याकडे.

गावातल्या वकिलानं डॉक्टरची चिठ्ठी जोडून तारीख मागितली. ती डिसेंबरची पडली.

गहू पिकला. पाऊस नव्हताच त्या वर्षी. ओंब्या आखूड होत्या आणि वाऱ्यानं तांबडी माती उडून दुपारीच सूर्य विटेसारखा दिसायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डेल्मरनं यंत्र शेतात घातलं. ओलेटा ऐकेना, ट्रक मीच चालवणार म्हणाली. तिला स्टिअरिंगची पकड कळायची नाही म्हणून तिनं रबरी तळव्याचे हातमोजे घातले होते. गोदामाच्या रांगेत बाया-माणसं तिच्या डोक्याच्या रुमालाकडे बघायची आणि मग हवेबद्दल बोलायची.

ऐन सुगीत कार्डाची मुदत आली. जूनच्या तीसला तिचं कार्ड संपत होतं, आणि कार्डाशिवाय विमा चालत नव्हता. नवं करायला फॉर्मवर रॉयसची सही लागायची. कचेरीत समोर उभं राहून, नाहीतर नोटरीचा शिक्का मारून. ट्विलानं त्याला चारदा फोन केला. चौथ्यांदा तो म्हणाला, "मंगळवारी दहाला येतो. पण तिला घेऊन ये. तुझ्या हातात देणार नाही."

मंगळवारी आकाश पश्चिमेकडून काळं होत होतं. डेल्मर म्हणाला, "गारा येतील. आजच जायचंय? तीस एकर उभंय अजून."

"त्याला आजच सवड आहे," ओलेटा म्हणाली.

त्या दोघी दहाला कार्डाच्या कचेरीत बसल्या. साडेअकरा झाले. भिंतीवरच्या टीव्हीत स्वयंपाकाचा कार्यक्रम चालला होता. तरुण पोरी कडेवर बाळं घेऊन नंबर आला की खिडकीशी जात होत्या. ओलेटाच्या अंगाला गव्हाचं कुसळ चिकटलेलं होतं. ती मान खाजवत होती. पावणेबाराला रॉयस आला. अंग सुटलं होतं, पण बूट तसेच चकचकीत.

"गहू काढताय म्हणे," तो म्हणाला.

"काढतोय."

"मग सुगी टाकून आलीस? तुमच्या घरात तर सुगीपुढे लग्नंही थांबतात."

ट्विला उठली. ओलेटानं तिला गुडघ्यावर हात ठेवून बसवलं.

"कळलं ना तुला छावणीत?" रॉयस म्हणाला. "मी पण विचारून आलो. दोन वर्षं कमी पडली. मी तर तेव्हा तयार होतो, ओली. बापाच्या गव्हाला घाई होती तुझ्या."

"हो," ती म्हणाली.

"त्या गव्हाचं काय झालं पुढे?"

"खाल्ला कुणीतरी."

खिडकीवरच्या पोरानं फॉर्म पुढे सरकवला. रॉयसनं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "मला डिसेंबरपर्यंत लटकवलंयस. मी तुझी सही मागितली, तू दिली नाहीस. आता तुला माझी हवी. मग नीट मागायला तरी हवी ना?"

खिडकीवरचा पोरगा कीबोर्डकडे बघू लागला.

"सही कर, रॉयस," ओलेटा म्हणाली.

"अशी नाही."

"कृपा करून सही कर. मला औषध पाहिजे."

त्यानं केली. नव्या कार्डावरच्या फोटोत ओलेटाच्या रुमालाला गव्हाचं एक कुसळ अडकलेलं आलं.

घरी पोचेस्तोवर गारा पडून गेल्या होत्या. अठरा एकर झोडपलं होतं. डेल्मर यंत्राच्या पायरीवर बसून तंबाखू चघळत होता. ओलेटा आडव्या पडलेल्या गव्हात उतरली, वाकून एक ओंबी उचलली, आणि तशीच वाकलेली राहिली. ट्विलानं जाऊन तिला उभं केलं.

जुलै-ऑगस्टात शहराच्या वाऱ्या चालू होत्या. दीड तास जायचं, चार तास खुर्चीत, दीड तास यायचं. येताना ओलेटा ओकारीसाठी डबा मांडीवर धरून बसायची. इस्पितळात शिरलं की मनगटाला पट्टी बांधायचे. त्यावर तिचं नाव, आणि खाली रॉयसचा नंबर. ती घरी आल्यावर कात्री मागायची. बोटांत कात्री धरवत नसे, तेव्हा ट्विला कापून द्यायची. पट्टी चुलीत टाकताना ओलेटा म्हणायची, "गुराच्या कानातला बिल्ला तरी गुराच्या स्वतःच्या नंबराचा असतो."

सप्टेंबरच्या नऊ तारखेला ट्विला कामाला निघाली होती. ओलेटा न्याहारीच्या टेबलाशी बसलेली. समोर खिडकीतला तो काडीमोडाचा लिफाफा रिकामा पडला होता, आणि संमतीचा कागद पुढ्यात.

"इकडे ये. मी सही केलीय."

"आई."

"ऐक. वकिलाला फोन करून विचारलं मी. हा कागद कोर्टाच्या खिडकीत दिला की दहा दिवसांत मोकळी. सुनावणी नको, डिसेंबर नको. त्यात तळाला लिहिलंय, नाव परत मिळावं म्हणून. ओलेटा रुथ टॅकेट." तिनं कागद सुरकुती पडू नये म्हणून तळहातानं सारखा केला. "वर्षभर विमा आहे. मला वर्ष लागणार नाही, बाळा. तुलाही ठाऊक आहे."

"मला ठाऊक नाही."

"मग मला ठाऊक आहे. मला इथं शेतावर आई-बापाशेजारी ठेवा. देवदारांखाली. दगडावर टॅकेट लिहा. मी मेले तेव्हा त्याची बायको असले, तर सगळं तो ठरवणार. कायदा तसा आहे, तेही विचारलं मी."

ट्विलानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "जाताना देते."

"आजच."

"आजच देते."

तिनं पिकअप कोर्टासमोर उभी केली. कोर्टाची खिडकी रस्त्यावरून दिसत होती. आतल्या बाईनं सूर्यफुलांचा ब्लाऊज घातला होता. ट्विला बसून राहिली. तिनं पर्स उघडून कागद वाचला. सही वेडीवाकडी होती, लहान मुलानं गिरवावी तशी. बधिर बोटांनी तिला किती वेळ लागला असेल, याचा ट्विलानं अंदाज केला. वर्ष म्हणजे पुढचा सप्टेंबर. पुढच्या सप्टेंबरात नवं औषध लागू पडलेलं असेल, आई उभी असेल, आणि विमा तुटलेला असेल, तो ह्या कागदानं. हे तिला स्वच्छ दिसत होतं. दुसरं, आईनं सकाळी सांगितलेलं, तिनं बघितलं नाही. नऊ वाजले तेव्हा तिनं गाडी ग्रंथालयाकडे वळवली.

संध्याकाळी ओलेटानं दारातच विचारलं, "दिला?"

"दिला."

ओलेटानं तिचा गाल धरून मुका घेतला. तळहात थंडगार होता.

त्यानंतर ओलेटा विलक्षण आनंदात होती. पेरणीचे दिवस होते. डेल्मर बियाणं घेऊन आला, पावतीवर तिची सही मागितली. तिनं 'टॅकेट' अशी केली.

"झालं का गं?" डेल्मरनं विचारलं.

"आजउद्या कळेल. सराव करतेय."

"हेच नाव होतं तेव्हा गणितात नापास झाली होतीस, ध्यानात ठेव."

दहा दिवस झाले. पंधरा झाले. ओलेटा रोज टपालपेटीपर्यंत काठी टेकत जायची. "कोर्टाचं आलं का काही?"

"जज्ज रजेवर आहे म्हणे," ट्विला म्हणाली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, "फाइल खालीवर झालीय. शोधतायत." मग म्हणाली, "ही कोर्टं अशीच, आई. वेळ लावतात." प्रत्येक वेळी तिला वाटायचं, उद्या देऊ. कागद तिच्या टेबलाच्या खणात, ग्रंथालयात होता. दुपारी ती खण उघडून तो आहे का बघायची. ओलेटानं वकिलाला फोन करायचं म्हटलं, तर ट्विला म्हणायची, मी केला होता.

ऑक्टोबरात नवं औषध सुरू झालं. तिसऱ्या सलाइननंतर ओलेटाच्या तोंडात फोड आले, पाण्याचा घोट जाईना. पोटात पाणी साठलं, ते सुईनं काढावं लागलं. पाय सुजून ओंडक्यांसारखे झाले. डॉक्टर आता हसत नव्हता. "औषध आपलं काम करत नाहीये," तो म्हणाला. ओलेटानं त्यालाच धीर दिल्यासारखी मान हलवली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला शहरात ठेवून घेतलं. अकरा दिवस. शेवटच्या दोन दिवसांत ती फारशी शुद्धीत नव्हती. एकदा दुपारी डोळे उघडले. ट्विला ओल्या बोळ्यानं तिचे ओठ पुसत होती.

"आलं?" ओलेटानं विचारलं.

ट्विलाला वाटलं, आता हो म्हणावं. तेवढं खोटं तरी पुरं करावं. पण तिच्या तोंडून निघालं ते रोजचंच. "वेळ लावतायत, आई."

ओलेटानं मान भिंतीकडे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, परिचारिका चादर बदलत असताना, ती गेली.

इस्पितळानं कागदावरच्या नवऱ्याला फोन केला. तो दोन तासांत आला. आईचे कपडे, चष्मा आणि चपला असलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या सहीनं त्याच्या हातात दिली. त्यानं ती ट्विलाकडे दिली. "मला काय करायचंय," म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. तो रडला होता, हे खरं होतं.

डेल्मरनं त्याच संध्याकाळी फावडं घेऊन देवदारांखाली जागा साफ केली. वाळलेलं गवत काढलं, आई-बापाच्या दगडांवरचं शेवाळ खरवडलं. सकाळी रॉयस अंगणात येऊन उभा राहिला.

"छावणीच्या दफनभूमीत जागा मिळते तिला," तो म्हणाला. "माझ्या नोकरीवर. खड्डा, पेटी ठेवायची सोय, दगड, सगळं सरकारी. मी बोलून आलोय. उद्या दोन वाजता."

"तिला इथं पाहिजे होतं," डेल्मर म्हणाला.

"मला नाही सांगितलं तिनं."

"तुझ्याशी कशाला बोलेल ती?"

"मग कायद्यानं बोल. मी तिचा नवरा आहे. तुम्हीच ठेवलात ना मला नवरा? मी मे महिन्यापासून सुटायला बघतोय." त्यानं टोपी सारखी केली. "त्या एकाच कबरीत मागून मलाही जागा आहे. जोनेलला आवडलेलं नाही ते. पण पद्धत तशी आहे."

डेल्मरनं मदतीसाठी ट्विलाकडे बघितलं. ती अंगणातल्या कोंबडीच्या पिसाकडे बघत होती.

दफनभूमीत पांढरे एकसारखे दगड, ओळीत लावलेले. चर्चमधल्या बायांनी आणलेली झाकलेली भांडी गाड्यांच्या डिकीत गार होत होती. प्रार्थना झाली. पेटी खाली गेली. तोफांचा सराव त्या दिवशीही होता. पाद्री प्रत्येक धडाक्याला थांबायचा आणि मग पुढचं वाक्य म्हणायचा. लोक पांगल्यावर दफनभूमीच्या कचेरीतला माणूस म्हणाला, दगडाचा मजकूर आत्ताच लिहून दिला तर बरं.

रॉयस, डेल्मर आणि ट्विला खिडकीशी उभे राहिले.

"पुढच्या बाजूला साहेबांचं नाव येईल, वेळ येईल तेव्हा," तो माणूस अदबीनं म्हणाला. "मागच्या बाजूला बाईंचं. ओलेटा आर. ग्रेडी. खाली, सार्जंट रॉयस ग्रेडी यांची पत्नी. आणखी दोन शब्द घालता येतात. बरेच जण 'प्रिय' घालतात."

"घाला," रॉयस म्हणाला.

"टॅकेट कुठे येईल?" डेल्मरनं विचारलं.

"माहेरचं नाव नाही घेत आम्ही."

डेल्मरनं खिडकीच्या कठड्यावर मूठ आपटली. त्याच्या नखांत अजून देवदारांखालची माती होती. "त्या कोर्टाच्या मायला! दोन महिने! माझ्या बहिणीनं सप्टेंबरात सही करून दिली आणि त्या हरामखोर जज्जानं दोन महिने कागदावर बूड टेकवलं. दहा दिवसांचं काम. मी सोडणार नाही त्याला. भर कोर्टात जाऊन विचारणार आहे, तुझी आई असती तर..."

"सही केली होती तिनं?" रॉयसनं विचारलं. तो डेल्मरकडे नाही, ट्विलाकडे बघत होता. "मला कुणी कळवलं नाही. माझ्या वकिलालाही नाही."

खिडकीतल्या माणसानं पेन खाली ठेवलं.

"काय लिहू मग?" त्यानं विचारलं.

"मामा," ट्विला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. बाहेर गाडीशी थांबलेल्या दोन बायांनी वळून बघितलं. "जज्जाला काही बोलू नका. त्याच्याकडे कागद गेलाच नाही. आईनं माझ्या हातात दिला होता, नऊ तारखेला, आणि मी कोर्टासमोर गाडी उभी करून तशीच परत फिरले. दिला म्हणून सांगितलं. ती रोज विचारायची आणि मी रोज खोटं बोलले, शेवटच्या दिवसापर्यंत. तिला एक वर्ष पुरणार होतं, मामा. मलाच ते कमी वाटत होतं."